बाराही टेन्स पाठ आहेत, तरी बोलताना चुकतात, असं का होतं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुमचं शिक्षण मराठी माध्यमात झालं, वय २९, बारा टेन्सचा तक्ता तोंडपाठ आहे, पण बोलायला लागलं की 'आय डिड नॉट वेंट', 'आय हॅड गॉन टू मार्केट येस्टरडे' असं निघतं, आणि परवाच्या इंटरव्ह्यूत 'आय अ‍ॅम वर्किंग देअर सिन्स फोर इयर्स' म्हणालात. शिवाय पार्ट्स ऑफ स्पीच ओळखताना गोंधळ होतो, कारण एकच शब्द एकदा नाउन म्हणून दाखवतात आणि एकदा व्हर्ब. आणि शेवटचा प्रश्न, आधी काय शिकायचं, टेन्स की पार्ट्स ऑफ स्पीच.

मी गेली २२ वर्षं मराठी माध्यमाच्या मुलांना आणि नोकरी करून संध्याकाळी क्लासला येणाऱ्या मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतोय. त्यावरून सांगतो, तुमच्या चुका पाठांतर कमी पडल्यामुळे होत नाहीयेत. तुमचं मराठी व्याकरण डोक्यात एकदम पक्कं आहे आणि तेच इंग्रजीत उतरतंय. प्रत्येक चुकीच्या मागे एक बरोबर मराठी वाक्य उभं आहे. ते सापडलं की चूक सुटते. तक्ता शंभर वेळा लिहून ती सुटत नाही, कारण त्या तक्त्यात मराठी कुठेच नसते.

आधी पार्ट्स ऑफ स्पीच घेऊ, कारण वाक्यात व्हर्ब कुठलं हेच कळलं नाही तर टेन्स लावणार कशाला?

शाळेत आपण आठ जाती शिकलो, नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. ही मांडणी मुळात युरोपातल्या व्याकरणाच्या वळणाची आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली आलं आणि त्याच वाटेने पुढची शालेय पुस्तकं गेली. संस्कृतात यास्क या प्राचीन पंडितांनी आपल्या 'निरुक्त' ग्रंथात चारच जाती सांगितल्यात, नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. हे सांगायचं कारण एवढंच की जाती म्हणजे शब्दांच्या कपाळावर लिहिलेलं काही नाही, समजायला सोपं जावं म्हणून माणसांनी पाडलेले कप्पे आहेत, आणि शब्द कुठल्या कप्प्यात जाईल ते त्या वाक्यात तो काय काम करतोय त्यावर ठरतं.

इंग्रजीतला 'बॅक' हा शब्द घ्या. 'माय बॅक हर्ट्स' म्हणजे माझी पाठ दुखतेय, इथे नाउन. 'द बॅक डोअर' म्हणजे मागचं दार, अ‍ॅडजेक्टिव्ह. 'कम बॅक' म्हणजे परत ये, अ‍ॅडव्हर्ब. 'आय बॅक यू' म्हणजे मी तुला पाठिंबा देतो, व्हर्ब. शब्द एकच, स्पेलिंगपण तेच. आता मराठीत बघा, पाठ, मागचं, परत, पाठिंबा देणे, प्रत्येक ठिकाणी शब्दाचं रूपच बदललं. मराठीत शब्द आपली जात बऱ्याचदा अंगावर घेऊन फिरतो, 'णे' आलं की क्रियापद, 'ला', 'ने', 'त' लागलं की नाम, त्यामुळे आपल्याला शब्दाकडे बघून जात ओळखायची सवय असते. इंग्रजीत बहुतेक वेळा शब्द काहीच सांगत नाही, त्याची जागा सांगते. म्हणून पेपरमध्ये नुसता शब्द बघून उत्तर लिहू नका, शेजारी बघा. आधी 'द' किंवा 'माय' आहे आणि त्याच्यानंतर दुसरं नाउन नाही, तर तो शब्दच नाउन. 'द' आणि नाउन यांच्या मध्ये सापडला, तर बहुधा अ‍ॅडजेक्टिव्ह. त्याला भूतकाळात नेता आलं, 'बॅक्ड' करता आलं, तर व्हर्ब.

आणि हे मराठीत अगदीच नाही असंही नाही. 'वर जा' यात 'वर' क्रियाविशेषण आहे, 'टेबलावर' यात शब्दयोगी, आणि लग्नातला 'वर' हा नाम. इथे तुम्ही कधी गोंधळत नाही, कारण तुम्ही काम बघता. इंग्रजीतही तेच करायचंय.

प्रीपोझिशनची गंमत अशी की आपलं शब्दयोगी शब्दाच्या मागून चिकटतं आणि इंग्रजीतलं सुटं, पुढे उभं राहतं, हे सगळ्यांना माहीत असतं. चुका होतात त्या दुसऱ्याच ठिकाणी. मराठीत 'तिच्याशी लग्न केलं' म्हणून 'मॅरीड विथ हर' होतं, 'त्याबद्दल चर्चा केली' म्हणून 'डिस्कस्ड अबाउट इट', 'पुण्याला पोचलो' म्हणून 'रीच्ड टू पुणे'. 'शी', 'बद्दल', 'ला' हे सगळे मराठीचे प्रत्यय आणि शब्द आहेत, इंग्रजीत मॅरी, डिस्कस, रीच या व्हर्बना मध्ये कोणी लागत नाही. 'मॅरीड हर', 'डिस्कस्ड इट', 'रीच्ड पुणे'. अशी व्हर्ब दिसतील तशी वहीत लिहून ठेवा, याला नियम शोधत बसू नका.

अ‍ॅडव्हर्बचं एकच सांगतो, शेवटी 'ली' आलं म्हणजे अ‍ॅडव्हर्ब असं धरू नका. 'फ्रेंडली' हे अ‍ॅडजेक्टिव्ह आहे. आणि 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो खूप मेहनत करतो, तर 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो काम जवळजवळ करतच नाही. अर्जात हे उलटं लिहिलेलं मी बऱ्याच वेळा पाहिलंय आणि दर वेळी लिहिणाऱ्याबद्दल वाईट वाटतं, कारण तो बिचारा स्वतःचं कौतुक सांगत असतो.

अजून एक, आयएनजी. ते दिसलं की चालू काळ असं बहुतेकांच्या डोक्यात बसलंय. 'ही इज स्विमिंग' म्हणजे तो पोहतोय, इथे व्हर्बचा भाग. 'स्विमिंग इज गुड' म्हणजे पोहणं चांगलं, इथे नामाचं काम. 'अ स्विमिंग डक' म्हणजे पोहणारं बदक, इथे विशेषणाचं काम. मराठीत पोहत, पोहणं, पोहणारं अशी तीन रूपं आहेत, इंग्रजीने तिघांचं काम एकट्यावर टाकलंय. त्यामुळे आयएनजी दिसलं की पहिल्यांदा बघा की त्याच्या आधी 'इज, आर, वॉज, बीन' यातलं काही आहे का. नसेल तर ते बहुतेक टेन्सचं प्रकरण नाहीच.

आता टेन्स. इथे जरा निवांत वाचा.

मराठीत 'तो काम करत आला आहे' असं वाक्य घ्या. यात काळ कुणी सांगितला? शेवटच्या 'आहे'ने. 'आहे' काढून 'होता' टाका, काळ बदलला, 'करत' आणि 'आला' जिथल्या तिथे राहिले. म्हणजे मराठीत खरं काम आधी येतं आणि काळ शेवटच्या डब्यात बसतो. आता इंग्रजी, 'ही हॅज बीन वर्किंग'. हॅज म्हणजे आहे, बीन म्हणजे आला, वर्किंग म्हणजे करत. आरशात बघितल्यासारखं अगदी उलटं आहे. इंग्रजीत काळ पहिल्या डब्यात बसतो. 'हॅज'चं 'हॅड' केलं की संपूर्ण वाक्य भूतकाळात गेलं, बाकी कुणाला हात लावायची गरज नाही.

हे एकच वाक्य पक्कं करा, इंग्रजीत काळ फक्त पहिल्या व्हर्बवर असतो आणि एकाच ठिकाणी असतो.

आता 'आय डिड नॉट वेंट' का होतं बघा. मराठीत 'मी गेलो नाही'. इथे 'नाही'ने काळ सांगितलेला नाही, 'गेलो'ने सांगितलाय, म्हणून तुमचं डोकं बरोब्बर 'वेंट' शोधतं. पण इंग्रजीत 'डिड' आला आणि त्याने काळ उचलला, मागच्या 'गो'कडे उचलायला काही उरलंच नाही, म्हणून 'आय डिड नॉट गो'. 'ही डझ नॉट गोज' ही चूकपण तीच, 'डझ'मध्ये एस येऊन गेलाय, तो दोनदा येणार नाही. 'ही कॅन गोज'सुद्धा याच कारणाने चूक.

आणि एसचं म्हणाल तर एवढं लक्षात ठेवा, नामाला एस लागला की अनेकवचन, व्हर्बला एस लागला की एकवचन. 'बॉय प्लेज, बॉइज प्ले'. साध्या वाक्यात एस दोघांपैकी एकाकडेच. मराठीच्या मानाने हे फार स्वस्तात आहे हो, आपल्याकडे मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी आंबे खाल्ले, खाणारा एकच आणि क्रियापद कर्माच्या मागे पळतंय. इंग्रजीत सगळ्याला 'एट'. जो माणूस हे मराठी न शिकता बोलतो त्याला इंग्रजी व्हर्ब जड जायचं कारण नाही.

काळ पहिल्यावर, हे झालं. मग मागच्या डब्यांची रूपं कोण ठरवतं? पुढचा डबा मागच्याचं रूप ठरवतो. 'हॅव'च्या मागे कायम तिसरं रूप, म्हणजे गो-वेंट-गॉन यातलं 'गॉन'. 'बी'च्या म्हणजे इज-आर-वॉज-बीनच्या मागे काम चालू असेल तर आयएनजी आणि पॅसिव्ह असेल तर तिसरं रूप. 'डू', 'विल', 'कॅन', 'शुड' यांच्या मागे मूळ रूप. संपलं. आता 'ही हॅज बीन वर्किंग' परत बघा, हॅजने मागितलं तिसरं रूप म्हणून 'बी'चं 'बीन' झालं, बीनने मागितलं आयएनजी म्हणून 'वर्किंग'. 'विल हॅव गॉन' बघा, विलने मागितलं मूळ रूप म्हणून 'हॅव', हॅवने मागितलं तिसरं म्हणून 'गॉन'. तुमचा बारा खणांचा तक्ता या तीन मागण्यांतून आपोआप तयार होतो. माझ्या क्लासमध्ये मी तक्ता पाठ करायला देतच नाही, पोरांनाच बनवायला लावतो, आणि ज्याने एकदा स्वतः बनवला तो नंतर विसरत नाही.

खरं तर काटेकोर बोलायचं तर बरेच भाषाशास्त्रज्ञ इंग्रजीत टेन्स दोनच मानतात, वर्तमान आणि भूत, कारण व्हर्बचं रूप तेवढ्यापुरतंच बदलतं, 'विल' हा कॅन-मे यांच्याच घरातला. परीक्षेत हे लिहू नका, तिथे बारा लिहा. पण समजायला हे फार उपयोगी पडतं, पुढे 'व्हेन' आणि 'इफ'च्या वेळी कळेल.

तिसऱ्या रूपांची भीती बऱ्याच जणांना असते. गो-वेंट-गॉन यात 'वेंट' कुठून आला? तो 'वेंड' नावाच्या वेगळ्याच व्हर्बचा भूतकाळ होता, तो 'गो'ने घेतला. आणि आपण काय करतो? जातो, पण गेला! 'जा'मध्ये 'ग' कुठे आहे? 'जाणे' संस्कृत 'या' धातूकडून आलंय आणि 'गेला' हा 'गम्'च्या 'गत'कडून. दोन्ही भाषांनी जाण्यासाठीच दोन धातू जोडलेत. करतो-केला, येतो-आला, देतो-दिला, घेतो-घेतला, ही सगळी आपली इर्रेग्युलर व्हर्बच आहेत, लहान मूल सुरुवातीला 'करला' म्हणतं आणि ऐकून ऐकून सुधारतं. तीच पद्धत इंग्रजीला लावा, यादी घोकू नका, वाक्यात दहादा वापरा.

आता 'आहे' आणि 'होतो', कारण खरं घसरायला इथेच होतं.

'मी काल बाजारात गेलो होतो.' मराठीत हे एकदम सहज वाक्य आहे. गेलो होतो म्हणजे जाऊन आलो, ते आता संपलं. शाळेत शिकवलं की 'होतो' म्हणजे 'हॅड', म्हणून 'आय हॅड गॉन'. पण इंग्रजीतला हॅड जाऊन आलो असं सांगत नाही, तो सांगतो की भूतकाळातल्या एका गोष्टीच्याही आधी दुसरी घडून गेली होती. 'मी स्टँडवर पोचलो तेव्हा एसटी गेली होती', इथे दोन गोष्टी आहेत आणि एसटी आधी गेलीय, म्हणून 'व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट'. बाजाराच्या वाक्यात दुसरी गोष्टच नाही, मग 'आय वेंट टू द मार्केट येस्टरडे', बास. स्वतःला विचारा, कशाच्या आधी? उत्तर नसेल तर हॅड नको.

तसंच 'मी त्याला काल पाहिलंय'. मराठीत चालतं. 'आय हॅव सीन हिम येस्टरडे' चालत नाही. कारण 'हॅव' हा पहिल्या डब्यात आहे आणि तो वर्तमानकाळाचा आहे, म्हणजे या टेन्सचा एक पाय आत्तामध्ये असतो, आणि 'काल' म्हटलं की तुम्ही दार बंद केलं. काल, गेल्या वर्षी, २०१९ मध्ये, दोन तासांपूर्वी, असं काही बोललात की साधा भूतकाळ, 'आय सॉ हिम'. वेळ सांगायची नसेल, नुसतं पाहिलंय एवढंच सांगायचं असेल तर 'आय हॅव सीन हिम'.

आता याच्या उलटं. 'तो खुर्चीवर बसलाय.' बसला आहे म्हणजे प्रेझेंट परफेक्ट, म्हणून 'ही हॅज सॅट'? नाही, 'ही इज सिटिंग'. 'तो झोपलाय', 'ही इज स्लीपिंग'. 'तिने साडी नेसलीय', 'शी इज वेअरिंग अ सारी'. मराठी बसण्याची क्रिया झाली आणि आता ती स्थिती आहे असं बघते, इंग्रजी ती स्थिती चालू आहे असं बघते. आणि जिथे आपल्याला चालू वाटतं तिथे इंग्रजी साधं बोलते, 'मला माहीत आहे' याचं 'आय नो', 'मला दोन भाऊ आहेत' याचं 'आय हॅव टू ब्रदर्स'. 'आय अ‍ॅम नोइंग', 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' हे त्या 'आहे'मुळे येतं. माहीत असणं, आवडणं, मालकीचं असणं, ही काही आपण सुरू करून थांबवायची कामं नाहीत, त्यांना आयएनजी सहसा लागत नाही. 'आय अ‍ॅम हॅविंग लंच' मात्र चालतं, कारण तिथे हॅव म्हणजे जेवणं, ते काम आहे.

मराठीची अजून एक खोड, आपण भविष्यासाठी बिनधास्त भूतकाळ वापरतो. आई हाक मारते आणि आपण जागेवरूनच 'आलोच!' म्हणतो, आलेलो तर नसतोच. इंग्रजीत तिथे 'आय अ‍ॅम कमिंग'. 'तो आला की फोन कर', 'पाऊस आला तर खेळ बंद', इथेही 'आला' भूतकाळी दिसतो पण गोष्ट उद्याची आहे. इंग्रजी अशा ठिकाणी वर्तमान वापरते, 'व्हेन ही कम्स, कॉल मी', 'इफ इट रेन्स, द मॅच विल स्टॉप'. लोक 'व्हेन ही विल कम' म्हणतात कारण त्यांना वाटतं भविष्य आहे तर विल पाहिजेच. नाही, इंग्रजीत भविष्याला स्वतःचं रूप नाही हे वर म्हटलं ना, व्हेन-इफच्या बाजूला बहुतेक वेळा साधा वर्तमान पुरतो.

रीती भूतकाळ, 'मी लहानपणी नदीवर जात असे', याला सरळ 'आय यूज्ड टू गो'. यात विशेष अडचण येत नाही कुणाला.

सराव कसा करायचा तर रोज रात्री दिवसभरातल्या दहा गोष्टी इंग्रजीत लिहा, मोठ्या नकोत, चहा घेतला, बस चुकली, साहेब चिडले अशा. प्रत्येक वाक्यात पहिल्या व्हर्बखाली पेन्सिलने रेघ मारा आणि काळ फक्त तिथेच आहे ना हे बघा. मग तेच वाक्य नाही करून लिहा आणि प्रश्न करून लिहा. दोन महिने न चुकता केलंत तर 'डिड नॉट वेंट' तुमच्याच कानाला खटकायला लागेल, आणि कानाला खटकलं की ते तोंडातून येईनासं होतं. नोकरी करून शिकणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना यापेक्षा जास्त वेळ मिळत नाही आणि एवढ्यात त्यांचं काम झालेलं मी पाहिलंय.

राहिलं तुमचं इंटरव्ह्यूचं वाक्य. 'मी तिथे चार वर्षांपासून काम करतो.' मराठीत 'करतो' हा साधा वर्तमान आणि 'पासून' दोन्हीकडे चालतं, चार वर्षांपासून आणि २०२१ पासून. इंग्रजीत सिन्सला सुरुवातीचा क्षण लागतो, २०२१, सोमवार, सकाळ. किती काळ हे सांगायचं असेल तर फॉर. आणि मागे सुरू झालेलं अजून चालू आहे, म्हणजे एक पाय मागे आणि एक आत्तामध्ये, म्हणून पहिल्या डब्यात हॅव, 'आय हॅव बीन वर्किंग देअर फॉर फोर इयर्स'. किंवा 'सिन्स २०२१'. ती नोकरी सोडली असेल तर मात्र 'आय वर्क्ड देअर फॉर फोर इयर्स'. या दोन वाक्यांतला फरक पुढच्या वेळी नीट सांभाळा, कारण पहिलं ऐकून समोरचा माणूस तुमचा नोटीस पीरियड किती आहे ते विचारेल, आणि दुसरं ऐकून नोकरी का सोडली ते विचारेल.